वऱ्हाडातील हवामान आणि काँक्रीट व मसाल्यातील रासायनिक मिश्रके : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

घर बांधणे ही सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी आर्थिक घटना असते. वऱ्हाडात ही घटना बहुधा उन्हाळ्यात घडते. रब्बीचा माल घरात आलेला असतो, शेतीची कामे थांबलेली असतात, मजूर उपलब्ध असतात आणि पावसाळ्यापूर्वी छत पडावे अशी प्रत्येकाची इच्छा असते. त्यामुळे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील असंख्य घरांचे स्लॅब एप्रिल व मे महिन्यांत, म्हणजे काँक्रीटला सर्वाधिक प्रतिकूल असलेल्या काळात टाकले जातात. पहिल्याच पावसाळ्यात छत गळू लागले की दोष कधी सिमेंटला, कधी मिस्त्रीला, तर कधी 'केमिकल'ला दिला जातो.

गेल्या काही दशकांत रासायनिक मिश्रकांचा वापर मोठ्या पुलांपुरता वा धरणांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी सिमेंटच्या दुकानात पाण्याचे प्रमाण कमी करणारी, घट्ट होण्याची क्रिया लांबविणारी वा जलरोधक म्हणून विकली जाणारी द्रव्ये सहज मिळतात. मात्र त्यांचे कार्य तापमान, आर्द्रता, वारा आणि पाण्याची प्रत यांवर किती अवलंबून असते याची जाणीव त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात या परस्परसंबंधाचे विवेचन वऱ्हाडच्या तीनही ऋतूंच्या संदर्भात केले आहे.

रासायनिक मिश्रके : संकल्पना व प्रकार

सिमेंट, रेती, गिट्टी व पाणी या चार मूळ घटकांखेरीज काँक्रीटच्या गुणधर्मात इष्ट बदल घडविण्यासाठी अल्प प्रमाणात मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यास रासायनिक मिश्रक म्हणतात. भारतात त्यांची गुणवत्ता आय. एस. ९१०३ : १९९९ या मानकानुसार तपासली जाते. त्यांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) प्लास्टिसायझर व सुपरप्लास्टिसायझर : ही द्रव्ये सिमेंटच्या कणांचे पुंजके मोडून ते कण पाण्यात विखुरतात. त्यामुळे कमी पाण्यात काँक्रीट पुरेसे प्रवाही होते. लिग्नोसल्फोनेट, सल्फोनेटेड नॅप्थलीन फॉर्मल्डिहाइड आणि अलीकडची पॉलिकार्बोक्झिलेट इथर ही त्यांची मुख्य कुळे होत.

२) मंदके : शर्करा, ग्लुकोनेट व तत्सम द्रव्ये सिमेंटच्या कणांच्या पृष्ठभागावर बसून जलसंयोगाची, म्हणजे हायड्रेशनची, क्रिया काही काळ रोखून धरतात. जुन्या चुन्याच्या बांधकामात गूळ व बेलफळाचा गर मिसळण्याची भारतीय परंपरा होती. सेंद्रिय द्रव्यांनी मसाल्याचे गुण बदलतात, हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही.

३) त्वरके : ही जलसंयोगाचा वेग वाढवितात. कॅल्शियम क्लोराइड हे सर्वांत स्वस्त व प्रभावी त्वरक असले, तरी त्यातील क्लोराइडमुळे सळया गंजतात. म्हणून लोखंडयुक्त काँक्रीटमध्ये ते वर्ज्य मानले जाते.

४) मसाल्यातील मिश्रके : गिलाव्यात व जुडाईत जलरोधक द्रव्ये, लेटेक्सवर्गीय पॉलिमर आणि तयार मसाल्यात पाणी धरून ठेवणारी सेल्युलोज इथर वापरली जातात.

यांपैकी कोणतेही द्रव्य स्वतः बळ देत नाही. बळ सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून येते. मिश्रक त्या संयोगाची गती व परिस्थिती तेवढी बदलते. म्हणूनच संयोगावर परिणाम करणारे हवामान मिश्रकावरही परिणाम करते.

प्रयोगशाळेचे तापमान आणि वऱ्हाडचे तापमान

भारतीय मानकांनुसार सिमेंट व मिश्रकांच्या चाचण्या २७ अंश सेल्सिअस, अधिक-उणे २ अंश, या तापमानाला होतात. डब्यावर छापलेली मात्रा व अपेक्षित परिणाम या तापमानाशी निगडित असतात. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ अंशांच्या आसपास असते आणि उष्णतेच्या लाटेत ते ४५ अंशांपलीकडे जाते. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने २५ मेपासून महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू करून कामगारांसाठी पिण्याचे पाणी व पंख्यांची सोय करण्याचे आदेश आस्थापनांना दिले होते. याच वऱ्हाडात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १२ अंशांच्या जवळ येते आणि थंडीच्या लाटेत दहाच्याही खाली उतरते. एकाच गावात, एकाच मिस्त्रीच्या हातून, एकाच डब्यातील मिश्रक एवढ्या रुंद पट्ट्यात वापरले जाते.

स्थूलमानाने असे आढळते की काँक्रीटचे तापमान ५ ते ६ अंशांनी वाढल्यास घट्ट होण्याचा काळ सुमारे एक-तृतीयांशाने घटतो, तर ११ अंशांच्या वाढीने स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटची बसण्याची मात्रा, सुमारे २५ मिलिमीटरने कमी होते. 'एका गोणीला एक माप' हा बाजारात रूढ झालेला हिशेब म्हणूनच अपुरा आहे. जे माप ऑगस्टमध्ये योग्य, ते मे महिन्यात तोकडे पडते आणि जानेवारीत जास्त होते.

उन्हाळा : उष्णता, कोरडा वारा व मंदकाची मर्यादा

उन्हाळ्यात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. सिमेंटमधील ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट वेगाने क्रिया करते, सुपरप्लास्टिसायझरचे रेणू तयार होणाऱ्या संयुगांत लवकर गाडले जाऊन निष्प्रभ होतात, आणि पृष्ठभागावरील पाणी उडून जाते. पहिल्या दोन गोष्टींवर मिश्रकाने काही प्रमाणात मात करता येते. तिसऱ्या गोष्टीवर मात्र मिश्रक उपाय करू शकत नाही.

बाष्पीभवनाचा वेग काढण्याचे एक सुटसुटीत सूत्र पॉल युनो यांनी १९९८ मध्ये मांडले. हा वेग ताशी प्रति चौरस मीटर १ किलोग्रॅमजवळ गेल्यास ओल्या काँक्रीटला संकोचनाच्या भेगा पडण्याचा धोका मानला जातो. वऱ्हाडातील संभाव्य परिस्थितींचे आकडे या सूत्रात घातले असता पुढील चित्र दिसते.

अ) मे महिन्याची दुपार (हवा ४३ अंश, काँक्रीट ३६ अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के, वारा ताशी १५ कि.मी.) : बाष्पीभवन सुमारे १.६ किलोग्रॅम.

आ) मे महिन्याची पहाट (हवा २९ अंश, काँक्रीट ३० अंश, आर्द्रता ३५ टक्के, वारा ६ कि.मी.) : सुमारे ०.५ किलोग्रॅम.

इ) ऑगस्टमधील ढगाळ दिवस (हवा २८ अंश, काँक्रीट २९ अंश, आर्द्रता ८५ टक्के, वारा १० कि.मी.) : सुमारे ०.२ किलोग्रॅम.

याचा अर्थ असा की मे महिन्यातही केवळ वेळ बदलल्याने बाष्पीभवन एक-तृतीयांशावर येते. कोणतेही मिश्रक न वापरता आणि एक रुपयाही खर्च न करता साधणारा हा लाभ आहे.

येथे मंदकाच्या बाबतीतील एक विसंगती लक्षात घेणे आवश्यक ठरते. मंदकाने काँक्रीट अधिक वेळ ओले राहते. वाहतूक व ठोकाई यांसाठी तो अवधी उपयुक्त असतो. परंतु पृष्ठभाग झाकलेला नसेल, तर तितकाच अधिक वेळ तो कोरड्या वाऱ्याच्या माऱ्यात राहतो. आतील काँक्रीट मऊ व वरचा थर सुकलेला, अशी अवस्था येऊन पृष्ठभागावर भेगा उमटतात. 'केमिकल टाकूनही तडे गेले' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. मंदक वेळ देते, सावली देत नाही.

स्लम्प घटल्यावर कामावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे वरून पाणी ओतणे. एका घनमीटरमध्ये ३५० किलो सिमेंट व १७५ लिटर पाणी असल्यास जल-सिमेंट गुणोत्तर ०.५० असते. त्यात केवळ २० लिटर पाणी वाढविले तरी ते ०.५६ च्या जवळ पोहोचते. मिश्रकावर खर्च करून वाचविलेले पाणी अशा प्रकारे पुन्हा आत येते व मिश्रकाचा हेतूच नष्ट होतो. त्याऐवजी सुपरप्लास्टिसायझरचा काही भाग राखून तो प्रत्यक्ष ओतण्यापूर्वी घालणे शास्त्रीय ठरते. मिक्सरमध्ये पाणी पडल्यानंतर काही मिनिटांनी घातलेले सुपरप्लास्टिसायझर अधिक प्रभावी ठरते, हेही अनुभवसिद्ध आहे.

उष्णतेचा आणखी एक परिणाम लपून राहतो. तापलेल्या काँक्रीटला पहिल्या काही दिवसांत अधिक बळ येते, परंतु २८ दिवसांचे बळ थंड काँक्रीटपेक्षा कमी राहते. घाईने तयार झालेली संयुगे सिमेंटकणांभोवतीच दाटतात व पोकळ्या नीट भरत नाहीत. चाचणीचे ठोकळे मात्र २७ अंशांच्या पाण्यात ठेवलेले असल्याने हा फरक अहवालात दिसत नाही.

थंडाव्याचा हिशेब

आय. एस. ७८६१ भाग १ : १९७५ हे मानक ४० अंशांवरील हवामानात काँक्रीट करण्याबाबत मार्गदर्शन करते व ओततेवेळी काँक्रीटचे तापमान ४० अंशांपेक्षा अधिक नसावे असे सांगते. घटकांच्या तापमानावरून मिश्रणाचे तापमान काढता येते. गिट्टी व रेती मिळून १,८५० किलो ४० अंशांची, सिमेंट ३५० किलो ५० अंशांचे आणि पाणी १७५ लिटर ३२ अंशांचे असेल, तर मिश्रण सुमारे ३९ अंशांचे होते. रेती-गिट्टीवर सावली करून ती ३४ अंशांवर ठेवल्यास तेच मिश्रण सुमारे ३५ अंशांवर येते. ६० किलो पाण्याऐवजी तितकाच बर्फ वापरल्यास ते २९ अंशांच्या आसपास उतरते. मोठ्या कामावर बर्फ परवडतो, लहान घराच्या कामावर तो शक्य नसतो. परंतु हिरव्या जाळीची वा पऱ्हाटीच्या मांडवाची सावली खेड्यातही शक्य आहे. चार अंशांच्या या घटीने मंदकाची गरजच कमी होते.

डांबरी काँक्रीटची प्रकृती याच्या उलट आहे. अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना या टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ३ ते ७ जून २०२२ या काळात ७५ कि.मी. लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आली व त्याची गिनेस जागतिक विक्रमात नोंद झाली. डांबरी मिश्रणाला गरम व कोरडे हवामान मानवते, आणि ते काम मृगाच्या पावसाआधी उरकले. सिमेंट काँक्रीटसाठी मात्र तेच दिवस सर्वांत कसोटीचे असतात.

पावसाळा : ओली रेती व काळी माती

या दोन्ही जिल्ह्यांच्या सपाट भागात वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबरमध्ये येतो. या काळात रेती भिजलेली असते. ७०० किलो रेतीत ५ टक्के ओल असल्यास ३५ लिटर पाणी न मोजताच मिश्रणात जाते. वर दिलेल्या उदाहरणात जल-सिमेंट गुणोत्तर त्यामुळे ०.५० वरून ०.६० होते. घमेल्याने माप घेतल्यास दुसरीही चूक घडते. ओली रेती फुगते, त्यामुळे तितक्याच घमेल्यांत रेती प्रत्यक्षात कमी भरते. अशा मिश्रणात नेहमीचे मिश्रक घातल्यास काँक्रीट अतिप्रवाही होऊन गिट्टी खाली बसते व पाणी वर येते. दोष पुन्हा मिश्रकावर येतो.

वऱ्हाडच्या काळ्या मातीचा संबंधही येथे येतो. ही माती मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाने समृद्ध आहे. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरते व माती फुगते. पॉलिकार्बोक्झिलेट इथरचे रेणूही याच थरांत अडकतात आणि सिमेंटपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून गाळमिश्रित रेतीत हे महागडे द्रव्य निष्फळ ठरू शकते, तर नॅप्थलीनवर्गीय द्रव्यावर तोच परिणाम तुलनेने कमी होतो. आय. एस. ३८३ : २०१६ नुसार नैसर्गिक रेतीत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत. पावसाळ्यानंतर नदी-नाल्यांतून येणारी रेती धुऊन घेणे हा मिश्रक वाचविण्याचाच एक मार्ग आहे.

हिवाळा : विलंबित बळ

हिवाळ्यात बाष्पीभवन मंद असते व तापमान सौम्य असते. त्यामुळे काँक्रीटसाठी हा वऱ्हाडातील उत्तम काळ होय. तरीही एक सावधानता आवश्यक आहे. आय. एस. ४५६ : २००० मध्ये सेंट्रिंग काढण्याचे जे दिवस दिले आहेत, उदाहरणार्थ ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या टेकूंसाठी ७ दिवस, ते हवेचे तापमान १५ अंशांखाली न जाण्याच्या व साधे पोर्टलँड सिमेंट वापरण्याच्या अटीवर आहेत. वऱ्हाडात डिसेंबरच्या रात्री पहिली अट मोडतात. दुसरी अटही बहुधा पाळली जात नाही, कारण बाजारात राखमिश्रित पोझोलाना सिमेंटचे प्रमाण मोठे आहे. पारस येथील औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणची राख या उद्योगाचा महत्त्वाचा कच्चा माल आहे. राखमिश्रित सिमेंटचे सुरुवातीचे बळ मुळातच सावकाश येते. त्यात उन्हाळ्याच्या मापाने मंदक पडले, तर सातव्या दिवशी टेकू काढणे धोक्याचे ठरते. अशा वेळी मंदक वगळणे व टेकूंची मुदत वाढविणे हाच सुरक्षित मार्ग होय.

सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातच असले, तरी त्याचे हवामान मैदानी भागाहून भिन्न आहे. अमरावती शहरात ठरविलेली मात्रा तेथे जशीच्या तशी वापरता येत नाही.

खारपाणपट्टा : पाण्यातील अनाहूत त्वरक

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. येथील भूजल खारे आहे आणि उन्हाळ्यात गोडे पाणी दुर्मिळ झाले की बांधकामासाठी विंधनविहिरीचे पाणी वापरले जाते. आय. एस. ४५६ नुसार लोखंडयुक्त काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा व सल्फेट ४०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, आणि एकूण काँक्रीटमध्ये क्लोराइड प्रतिघनमीटर ०.६ किलोपेक्षा जास्त नसावे. प्रतिलिटर २,००० मिलिग्रॅम क्लोराइडचे १७५ लिटर पाणी वापरले, तर ३५० ग्रॅम क्लोराइड एकट्या पाण्यातूनच येते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून अधिक.

क्लोराइड हे त्वरक असल्याने असे पाणी आधीच घाईने घट्ट होणाऱ्या उन्हाळी काँक्रीटला आणखी घाई करते आणि मंदकाच्या विरुद्ध काम करते. मिस्त्री मंदक वाढवितो, पाणी मात्र तेच राहते. तात्कालिक दोष झाकला जातो, पण क्लोराइड सळयांपाशी कायम राहते व काही वर्षांनी गंजाने स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. हेच पाणी वरून मारल्यास दररोजच्या उन्हात पाणी उडते व क्षार मागे साचतो. म्हणून खारपाणपट्ट्यात मिश्रक निवडण्याआधी पाण्याची तपासणी करणे क्रमप्राप्त आहे.

गिलावा व मसाला

गिलाव्याचा थर पातळ असल्याने हवामानाचा परिणाम त्यावर अधिक तीव्रतेने होतो. पश्चिमेकडील तापलेली भिंत मसाल्यातील पाणी शोषून घेते. जलरोधक द्रव्य घातलेले असले तरी सिमेंटला जलसंयोगासाठी पाणीच उरले नाही तर थर भुसभुशीत राहतो. सेल्युलोज इथरची पाणी धरण्याची क्षमताही वाढत्या तापमानाबरोबर घटते. लेटेक्सवर्गीय द्रव्य फार लवकर सुकल्यास वर साय धरते व पुढील थर चिकटत नाही. भिंत आदल्या दिवशी भिजविणे, सावलीची बाजू आधी घेणे आणि दुपारी काम थांबविणे हे जुन्या गवंड्यांचे नियम या शास्त्राशी पूर्णतः सुसंगत आहेत.

निष्कर्ष

१) मिश्रकाची मात्रा ऋतूनुसार बदलली पाहिजे व प्रत्यक्ष तापमानाला लहान चाचणी घेऊन ठरविली पाहिजे. आय. एस. ४५६ मध्ये मंदक, प्लास्टिसायझर व सुपरप्लास्टिसायझर यांसाठी सिमेंटच्या वजनाच्या अनुक्रमे ०.५, १ व २ टक्के ही सर्वसाधारण कमाल मर्यादा दिली आहे. ५० किलोच्या गोणीस ती अनुक्रमे २५०, ५०० व १,००० ग्रॅम होते. मंदक व सुपरप्लास्टिसायझर अंदाजाने ओतू नयेत.

२) उन्हाळ्यात पहाटे काम, साहित्यावर सावली व ओतल्याबरोबर आच्छादन हे उपाय मिश्रकाच्या आधी येतात. मिश्रक त्यांना पूरक आहे, पर्याय नाही.

३) कोरड्या व उष्ण हवेत किमान १० दिवस आणि राखमिश्रित सिमेंट असल्यास १४ दिवस पाणी मारणे मानकाने सुचविले आहे. गोड्या पाण्याची टंचाई असेल तेथे ओले गोणपाट, प्लास्टिकचे आच्छादन वा क्युरिंगचे लेपद्रव्य वापरून पाणी वाचविता येते.

४) खारपाणपट्ट्यात पाण्याची व पावसाळ्यानंतर रेतीची तपासणी अनिवार्य मानावी.

५) मिश्रकाचे पिंप उन्हात ठेवू नये, वापरण्यापूर्वी ढवळावे व मुदत पाहावी.

समारोप

हा विषय केवळ स्थापत्य अभियंत्यांचा नाही. रसायनशास्त्र विभाग पाण्यातील क्लोराइडचे साधे अनुमापन करू शकतो, भूगोल विभाग स्थानिक तापमान व आर्द्रतेच्या नोंदी ठेवू शकतो, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही माहिती घरकुलाच्या लाभार्थ्यापर्यंत व गावच्या मिस्त्रीपर्यंत पोहोचू शकते. एका विहिरीच्या पाण्याची तपासणी करण्यास महाविद्यालयीन प्रयोगशाळेला एक तासही लागत नाही. त्यावर अवलंबून असलेले छत मात्र एका कुटुंबाला पुढील पन्नास वर्षे पुरवायचे असते.